अर्धी क्षमता, पाऊण कोळसा

२०२५ च्या जुलै महिन्यात एक बातमी सगळीकडे छापून आली. जूनअखेर भारतातल्या वीजकेंद्रांची एकूण स्थापित क्षमता सुमारे ४ लाख ८५ हजार मेगावॅट झाली होती. त्यातली निम्मी क्षमता जल, सौर, पवन, जैविक आणि अणुऊर्जेची होती, म्हणजे कोळसा, वायू किंवा तेल न जाळणारी. हे उद्दिष्ट खरे तर २०३० सालासाठी ठरवलेले होते. ते पाच वर्षे आधीच गाठले गेले.

ही बातमी वर्गात वाचली तर एखादी विद्यार्थिनी नक्की विचारेल, "म्हणजे आता आपली निम्मी वीज कोळशाशिवाय तयार होते का?"

उत्तर आहे, नाही. २०२४-२५ या वर्षात देशात तयार झालेल्या विजेपैकी जवळजवळ पाऊण हिस्सा कोळशापासूनच आला. बातमी खोटी नव्हती आणि हा आकडाही खोटा नाही. मग अर्धी क्षमता आणि पाऊण कोळसा यांचा मेळ कसा घालायचा?

नळ केवढा आणि पाणी किती?

मेगावॅट हे शक्तीचे माप आहे आणि युनिट (किलोवॅट-तास) हे ऊर्जेचे. नळ केवढा मोठा आहे हे मेगावॅट सांगते, दिवसभरात हंडे किती भरले हे युनिट सांगते. दोन घरांचे नळ अगदी सारखे असले, तरी एका घरी तासभर आणि दुसऱ्या घरी चार तास पाणी येत असेल, तर दोघांकडचे पाणी सारखे भरणार नाही.

आता हिशोब करू. १ मेगावॅटचे केंद्र वर्षभर अखंड चालले तर १००० × २४ × ३६५, म्हणजे सुमारे ८८ लाख युनिट वीज देईल. प्रत्यक्षात कोणतेच केंद्र असे चालत नाही. कोळशाचे केंद्र दुरुस्तीचे आणि कमी मागणीचे दिवस वगळून साधारण ६० लाख युनिट देते. महाराष्ट्रातल्या १ मेगावॅटच्या सौर केंद्राकडून वर्षाला १५-१६ लाख युनिट मिळतात, कारण रात्री सूर्य नसतो, सकाळ-संध्याकाळी तो तिरपा असतो आणि पावसाळ्यात ढगांआड असतो. याचा अर्थ, कोळशाच्या एका मेगावॅटइतकी वीज मिळवायला सौर ऊर्जेचे जवळजवळ चार मेगावॅट लागतात.

एका युनिटमागे किती वायू?

कोळशापासून १ युनिट वीज तयार करायला आपल्याकडे सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. भारतीय कोळशात राखच ३० ते ४० टक्के असते. या ७०० ग्रॅममध्ये कार्बन सुमारे २७० ग्रॅम धरू. कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणून १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २७० ला ४४ ने गुणून १२ ने भागले की येतात ९९० ग्रॅम.

म्हणजे एका युनिटमागे जवळजवळ एक किलो! महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची असेल, तर त्या घराच्या नावावर दरमहा एक क्विंटल कार्बन डायऑक्साइड जमा होतो. देशातल्या सगळ्या स्रोतांची सरासरी काढली तर हा आकडा युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅमपर्यंत खाली येतो. २०७० पर्यंत आपले निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले. त्या वाटेवर हे ७०० ग्रॅम कमी होत गेले पाहिजेत.

दुपारचे युनिट, रात्रीचे युनिट

इथे एक अडचण येते. बिलावर सगळी युनिट सारखीच दिसतात, पण दुपारी बाराचे युनिट आणि रात्री आठचे युनिट यांत फरक आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात.

दुपारी कोळशाची केंद्रे बंद ठेवून संध्याकाळी पुन्हा सुरू करता येणार नाहीत का? हे सोपे नाही. थंड झालेला बाष्पक पुन्हा तापून जनित्र पूर्ण वेगाने फिरू लागायला बरेच तास लागतात. म्हणून दुपारी ही केंद्रे मंद आचेवर ठेवावी लागतात. निम्म्याहून किंचित जास्त, ५५ टक्के क्षमतेपर्यंत, त्यांना खाली आणता यावे असा नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केला. म्हणजे दुपारी कितीही ऊन असले तरी चालू ठेवलेल्या केंद्रांत थोडा कोळसा जळतच राहतो, तो संध्याकाळसाठी. जलविद्युत केंद्रांचे तसे नाही. कोयनेची जनित्रे काही मिनिटांत सुरू होतात. पण धरणातले पाणी मर्यादित आहे.

यातून दोन वाटा निघतात. एक, काम उन्हाच्या वेळी आणायचे. दुसरी, ऊन रात्रीसाठी साठवायचे.

काम उन्हाकडे

पहिल्या वाटेचे चांगले उदाहरण म्हणजे शेतीपंप. महाराष्ट्रात शेतीला वर्षानुवर्षे पाळीपाळीने वीज मिळत आली, काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे अंधारात, चिखलात, साप-विंचवाच्या आणि उसात बिबट्याच्या भीतीने दारे धरणे. रात्रीचे हे युनिट बहुतेक कोळशाचेच.

पिकाला मात्र पाणी रात्रीच हवे असे काही नसते. गावाजवळच्या उपकेंद्रालगत सौर केंद्र उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यावी, अशी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्यात २०१७ साली सुरू झाली. २०२३ मध्ये तिचा मोठा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. यात विजेऐवजी पाणीच जमिनीत साठते, बॅटरी लागत नाही. कोळसा वाचतो आणि शेतकऱ्याची झोपही. धोकाही आहे. दिवसा सहज वीज मिळाली म्हणून उपसा वाढला तर विहिरी लवकर आटतील. पाण्याचा हिशोब वेगळा ठेवावाच लागेल.

ऊन डोंगरावर

दुसऱ्या वाटेचे उदाहरण सह्याद्रीत घाटघरला आहे. तिथे २००८ पासून २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र चालते. घाटमाथ्यावर एक तलाव, खाली कोकणात दुसरा. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, कमी पडेल तेव्हा तेच खाली सोडून जनित्र फिरवायचे.

१००० लिटर पाणी ४०० मीटर उंच चढवले तर किती ऊर्जा साठते? १००० × ९.८ × ४०० = ३९.२ लाख ज्यूल. १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोंगरमाथ्यावर नेली, तरी साठले जेमतेम एक युनिट! शिवाय चार युनिट खर्चून परत मिळतात साधारण तीन. मोठ्या बॅटऱ्यांत तोटा कमी, पण त्यांचे आयुष्य मर्यादित. साठवण शक्य आहे, फुकट नाही.

म्हणून आम्हांला वाटते, ऊर्जाधोरणाची बातमी वाचताना 'किती मेगावॅट?' एवढे विचारून थांबू नये. 'कोणत्या वेळचा किती कोळसा वाचला?' हेही विचारावे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या नियमांत बदल करून उन्हाच्या तासांतला दर कमी आणि मागणी शिगेला असतानाचा दर जास्त ठेवायला सांगितले, ते याच विचाराने.

करून पाहा

विद्यार्थ्यांना एका रविवारी घरच्या मीटरचे आकडे सकाळी ९, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता लिहून आणायला सांगा. दिवसाची आणि संध्याकाळची युनिट काढा व फळ्यावर सगळ्या वर्गाची बेरीज करा. मग यादी करा. पंप, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र, गिरणी यांपैकी कोणते काम दुपारी नेता येईल? आणि दिवसभर कामावर असणाऱ्या घरांनी काय करावे? या शेवटच्या प्रश्नावर वर्गात नक्कीच वाद होईल. तो होऊ द्यावा.