घरच्या हरभऱ्याचें हुमस

नांदेड-लातूरकडील काळ्या रानांत सोयाबीन निघालें, कीं हरभरा पेरतात. फाल्गुनांत तो खळ्यावर येतो आणि देणेंघेणें भागविण्यासाठीं बहुतेक सर्व आडतीवर जातो. पुढें वर्षभर डाळ व पीठ आपण दुकानांतून आणतों. आम्हीं हयातभर जमाखर्च लिहिला, म्हणून हा व्यवहार आम्हांस खटकतो.

त्यांत आतां नवी भर पडली आहे. शहरांत शिकणारीं आपलीं मुलें 'हुमस' नांवाची तयार चटणी डबीनें विकत घेतात. अरबी भाषेंत या शब्दाचा अर्थ हरभरा असाच आहे. सीरिया, लेबनान, मिसर या देशांत शिजविलेला काबुली हरभरा, वाटलेले तीळ, लिंबू व लसूण एकत्र घोटून रोटीशीं खातात. यांतील एकही जिन्नस आपल्या घरास परका नाहीं. डबीचा भाव मात्र अवश्य पाहावा. एक किलो कोरडा हरभरा शिजल्यावर दोन किलोंहून अधिक भरतो. म्हणजे वजनांत निम्म्याहून अधिक पाणीच. तें शहरांतून विकत आणण्याचें प्रयोजन काय?

पाव किलो हरभरा निवडून रात्रभर भरपूर पाण्यांत भिजवावा. काबुली असल्यास उत्तम. देशी हरभऱ्याचें टरफल जाड, म्हणून तो अधिक वेळ शिजवावा लागतो. रंग कांहींसा काळवंडतो, चव मात्र खमंग येते. चाळणीखालीं पडलेला फुटका पण स्वच्छ दाणा याच कामीं लावावा. आडतीवर त्यास भाव कमी, पाट्यावर त्याची किंमत पूर्ण. बुरशीचा किंवा भुंग्यानें पोखरलेला दाणा घेऊं नये.

दाणा बोटानें चिरडेल इतका शिजला, म्हणजे पाणी निथळून निराळें ठेवावें. चार चमचे तीळ मंद भाजून, तेल सुटेपर्यंत वाटावे. त्यांत तीन-चार लसणाच्या पाकळ्या, मीठ व गरम हरभरा घालून पुन्हां वाटावें. गरम असतांना तो लोण्यासारखा मऊ होतो. शेवटीं एका लिंबाचा रस घालावा. घट्ट वाटल्यास राखलेलें पाणी थोडें थोडें मिसळावें. तिकडे वरून ऑलिव्हचें तेल घालतात. आम्हीं घाण्याचें करडईचें तेल घातलें. ज्वारीच्या भाकरीस तेंच शोभतें.

उरलेलें पाणी ओतून देणें म्हणजे पुरणाचा कट मोरींत टाकणें होय. त्यास येसूर लावून आमटी करावी. चटणी उन्हाळ्यांत बाहेर ठेविल्यास संध्याकाळपर्यंत आंबते. शीतकपाटांत झांकून तीन दिवस राहते. म्हणून एका वेळीं थोडीच करावी, आणि दुसऱ्या दिवशीं उरली तर ज्वारीच्या पिठांत मळून धपाटे लावावे. हे धपाटे आम्हांस मूळ पदार्थाहूनही अधिक आवडले.

परंतु हें सारें घरांत हरभरा असेल तरच. आडतीवर गाडी नेण्यापूर्वीं वर्षाचा वाटा काढून ठेवण्याची जुनी चाल पुष्कळ घरांतून मोडली आहे. भुंग्याचें भय हें त्याचें एक कारण सांगतात. भुंगा अखंड दाण्याच्या टरफलावर अंडीं घालतो. भरडून टरफल काढलेल्या डाळीस तो सहसा लागत नाहीं. यास्तव वाट्यापैकीं अर्ध्या हरभऱ्याची डाळ करावी. उरलेला अखंड हरभरा कडक उन्हांत वाळवून, निवल्यावर घट्ट झांकणाच्या कोरड्या कोठींत भरावा, आणि पावसाळ्यांत ढग उघडले, कीं एकदां काढून पाहावा.