ऐकता ऐकता – भाग ९ : कापसाची खोली

गेल्या आठवड्यात आपण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात थांबलो होतो. १५२० सेजविक अव्हेन्यू, तारीख ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेलला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं पार्टी ठेवली आणि गाणी वाजवायला तिचा भाऊ बसला. जमैकातून आलेला हा भाऊ म्हणजे कूल हर्क. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवायच्या आणि गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा हवा तितका लांबवायचा, ही युक्ती त्याची. तिथून आज राजूरला यायचं आहे. वाट वाटते तितकी लांब नाही.

जालन्याहून भोकरदनकडे जाताना टेकडीवरचा राजुरेश्वर लांबूनच दिसतो. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. आदल्या रात्रीपासून लोक अनवाणी चालत येत असतात. त्या गर्दीपासून दूर, वस्तीच्या टोकाला, पत्र्याची एक खोली आहे. वेचणी झाली की तिच्यात आढ्यापर्यंत कापूस भरतात आणि मनासारखा भाव येईपर्यंत तो तिथेच राहतो. तीन वर्षांपूर्वी त्या खोलीत मी पहिल्यांदा शिरलो. आत एक कॉलेजला जाणारा पोरगा कापसात खळगा करून बसला होता. हातात मोबाइल, कानात वायर, अंगाला खाज सुटलेली. मला बघून त्यानं विचारलं, “दादा, बोलून बघा. घुमू रायलं का?”

मी बोललो. आवाज ओठांपुढे गेलाच नाही.

पत्र्याच्या खोलीत एरवी शब्द भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर पडतो. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. आवाजाची लाट तिथे शिरली की तंतूंशी घासत जाते आणि तिची ऊर्जा जराशा उष्णतेत जिरून जाते. थर जितका जाड, तितका खर्जातला घुमाराही कमी होतो. शहरातले स्टुडिओ भिंतींना महागाची गादी लावतात तीही याचसाठी. या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी त्याच कापसात लपाछपी खेळताना, इथे लपलं तर हाक ऐकू येत नाही, एवढं त्याला कळलं होतं.

मी अंडरग्राउंड हिप-हॉपवर जीव टाकतो तो अशा खोल्यांमुळे. ‘अंडरग्राउंड’ म्हणजे लपूनछपून केलेलं गाणं नव्हे, आणि न खपलेलंही नव्हे. गाण्याचा शब्द, ठेका आणि मालकी ज्याची त्याच्याकडेच राहते, मधल्या कुणाला विचारावं लागत नाही, ते अंडरग्राउंड. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये टू शॉर्ट नावाचा तरुण आपल्या मित्राबरोबर घरीच कॅसेट भरायचा आणि रस्त्यावर विकायचा. गिऱ्हाईक सांगेल तर त्याचं नाव घालून खास रॅप रचून द्यायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या बसस्टँडजवळची मोबाइलची दुकानं आठवली. तीस-चाळीस रुपयांत मेमरी कार्ड गच्च भरून मिळायचं. लग्नाची गाणी, भीमगीतं, भक्तिगीतं, आणि तळाशी कुणीतरी टाकलेली तीन-चार अनोळखी रॅपची गाणी. फाइलला नाव नाही, गाणाऱ्याचा पत्ता नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि कार्ड भरणं बंद पडलं. पण माझ्या कानाला गोडी लागली ती त्या बेनामी फाइलींनी.

आता मुद्द्याचं. मराठीत रॅप करणं अवघड का, आणि ते जमतं तेव्हा इतकं सुंदर का वाटतं?

रॅपचं माप म्हणजे बार. एका बारमध्ये चार ठोके. पहिल्यावर ढोलाचा दणका, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअरची टणक थाप. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की आठ होतात. म्हणजे भजनातल्या केरव्याच्या आठ मात्रा कानात असलेल्या माणसाला हे घर परकं नाही. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर एक बार साधारण पावणेतीन सेकंदांत संपतो. रिवाज सोळा बारच्या कडव्याचा, म्हणजे जेमतेम त्रेचाळीस सेकंद. तेवढ्यात सांगायचं ते सगळं सांगायचं.

मराठीची अडचण अशी की आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. मग यमक फुकट मिळतं. रानात जातो, भाकर खातो, गाणं गातो. सातवीतलं पोरगंही असं दिवसभर जुळवेल. नवशिके रॅपर इथेच अडकतात आणि त्यांची गाणी तिसऱ्या ओळीपासून कंटाळवाणी होतात. मुरलेला रॅपर यमक क्रियापदावरून उचलतो आणि नामांवर नेतो, तेही ओळीच्या पोटात. ‘टँकर’, ‘अंतर’, ‘नंतर’ हे शब्द घ्या. एक इंग्रजीतून आलेला, दोन जुने. अक्षरं पूर्ण जुळत नाहीत, पण ‘अं’वर येणारा दाब आणि शेवटचा ‘र’ कानाला एकच वाटतो. जालना जिल्ह्यातल्या उन्हाळ्याचं अख्खं कडवं या तीन शब्दांवर उभं राहू शकतं.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. छप्पर, पत्रा, कट्टा, रट्टा. जोडाक्षराआधी जीभ क्षणभर अडते आणि मग सुटते. ती सुटका स्नेअरवर पडली की शब्द स्वतःच वाद्य होतो. तिसरी गोष्ट बोलीची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. पुस्तकातलं ‘काय करीत आहेस’ ठेक्यावर बसता बसत नाही. लातूर-नांदेडकडचं ‘काय करायलास’ चटकन बसतं. आमच्या भोकरदनकडचं ‘काय करू रायला’ तर एकेका ठोक्यावर एकेक पाऊल टाकत चालतं. शाळेत हे बोललं की मास्तर दुरुस्त करायचे. बीटवर तेच बोलणं बिनचूक ठरतं. मला यातला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरनं. त्याचं रॅपमधलं नाव मजेशीर आहे. आधी १०० हा आकडा, पुढे आरबीएच ही इंग्रजी अक्षरं. आकड्याला ‘सौ’ म्हणा की ‘सौरभ’ होतं. तो वऱ्हाडीत बोलतो. वऱ्हाडी आजवर विनोदासाठी राखून ठेवलेली बोली. त्याच्या तोंडी ती संतापाची आणि दुःखाची भाषा झाली. तो मुंबईच्या ‘स्वदेसी’ या क्रूमधला. तिथे एमसी मवाली आहे, गुजरातीत रॅप करणारा तोडफोड होता. तोडफोड मार्च २०२२ मध्ये, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी गेला. त्या दिवशी मी शेतातून लवकर घरी आलो होतो. २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं याच क्रूनं केलं, वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन. या मुलांपैकी काहींनी मृदंगम वाजवणाऱ्या विवेक राजगोपालन यांच्याकडे कोन्नक्कोल, म्हणजे कर्नाटक संगीतातले तालाचे बोल तोंडानं म्हणण्याची विद्या, गिरवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ‘गली बॉय’मधलं ‘इंडिया ९१’ त्यातूनच उभं राहिलं.

“रॅप म्हणजे आपला पोवाडाच की,” असं कौतुकानं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. साथीचा भाग खरा आहे. झीलकऱ्यांचं ‘जी जी’ आणि रॅपमधले मागून येणारे ॲडलिब एकाच कामाचे आहेत. कलगीवाले आणि तुरेवाले रात्रभर सवाल-जवाब करायचे, त्यात आणि आजच्या बॅटलमध्येही भाऊबंदकी आहे. पण पोवाडा दुसऱ्याचा पराक्रम सांगतो आणि रॅपर ‘मी’ म्हणतो. कडव्यात कुठेतरी स्वतःचं नाव गुंफतो. मला हे अभंगाच्या अधिक जवळचं वाटतं. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. हे मी बोललो, याला मी जबाबदार, अशी ती सही असते. सत्तेनं आणि समाजानं ज्याला मोजलेलं नसतं, त्याला सहीची गरज फार. आंबेडकरी जलशांनी हेच केलं होतं, आणि मराठवाड्यातल्या किती तरी पोरांच्या कानावर पहिला ठेका पडतो तो भीमगीतांचाच.

सहीची किंमतही मोजावी लागते. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसेवर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. राज्यातल्या सत्तांतरावर आणि ‘पन्नास खोक्यां’वर त्यानं रॅप केलं होतं. त्याच आठवड्यात मुंबईच्या उमेश खाडेवरही त्याच्या गाण्यासाठी गुन्हा नोंदवला गेला. मुंगसेला पुढे कोर्टानं अटकेपासून संरक्षण दिलं. त्या दिवसांत आमच्या कट्ट्यावर कधी नव्हे ते म्हातारी माणसंही रॅप ऐकत बसली होती, मोबाइल कानाला लावून, एकेक शब्द नीट समजून घेत.

हिप-हॉपमध्ये बायकांना शिव्याच असतात, असा आक्षेप मला घरातूनच ऐकावा लागतो. आक्षेप खोटा नाही, पुष्कळ गाण्यांना तो लागू आहे आणि ती गाणी मी ऐकत नाही. पण महादेव कोळी समाजातली माही जी आदिवासींच्या जगण्यावर रॅप करते, ते मी घरच्यांना ऐकवलं. आईनं दुसऱ्यांदा लावायला सांगितलं.

बीटचं काय, अशी पत्रातून विचारणा झाली आहे. कापसाच्या खोलीतल्या पोराकडे यंत्र नाही. फोनवरचं बँडलॅब फुकट आहे, त्यावर तो थर रचतो. दिमडीचा एक ठोका त्यानं गोंधळाच्या कार्यक्रमात रेकॉर्ड केला होता. तो कापला, खालच्या पट्टीत उतरवला आणि दणक्याच्या जागी बसवला. मॅडलिब या अमेरिकी कारागिरानं २००७ मध्ये जुन्या हिंदी सिनेमांच्या तबकड्यांचे तुकडे जोडून ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ केलं. आपल्याकडचा आवाज तिकडे कापला गेला, आता इथलाच पोरगा तो इथे कापतो आहे. या कापाकापीचा कायदा काय, लता मंगेशकरांच्या एका गाण्यावरून अमेरिकेच्या कोर्टात काय घडलं, हे सगळं पुढच्या भागात.

परवा रात्री त्याचा फोन आला. भाव थोडा चढलाय, वडलांनी व्यापाऱ्याला हो म्हटलंय. दोन कडवी झालीत, हुक, म्हणजे धृपद, राहिलाय. मी गेलो. टॉर्चच्या उजेडात तो खळग्यात बसला होता, मान खाजवत, चौथ्यांदा तीच ओळ म्हणत. मी दाराशी उभा राहिलो, श्वास रोखून, माझा आवाज फाइलमध्ये जाऊ नये म्हणून. बाहेर वडील पोती मोजत होते. गाडी सकाळी सहाला येणार होती.