उघाडीचा फोटो कधी काढावा?

मुंबईहून काशीदला निघालेली गाडी पेण-वडखळ मागे टाकून पोयनाडकडे वळली की खारेपाट लागतो. सपाट भातखाचरं आणि खाडीच्या बाजूला मातीचा लांबलचक बांध. गाडीत तोवर वालाच्या पोपटीचा नाहीतर काशीदच्या सुरूच्या बनाचा विषय निघालेला असतो, त्यामुळे बांधाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण जिथे शेतातलं पाणी खाडीला मिळतं, तिथे या बांधात एक दार असतं. त्याला उघाडी म्हणतात.

काही उघाड्यांच्या फळ्या हाताने काढाव्या-घालाव्या लागतात. खरी गंमत आहे ती वरच्या बाजूला टांगलेल्या, फक्त खाडीकडे उघडणाऱ्या झडपेची. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं आणि भरतीला समुद्रच तिला चौकटीवर दाबून धरतो. आत कोरडं आणि बाहेर 1 मीटर पाणी असेल, तर 1 मीटर रुंद दारावर सुमारे अर्ध्या टनाचा रेटा येतो. पाणी 2 मीटर झालं की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे दोन टन. भरती जितकी जोरात, तितकं दार घट्ट.

बोटींना पायरी-पायरीने चढवणाऱ्या नदीवरच्या लॉकचं दार याच कुळातलं. त्याच्या दोन झडपा वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात आणि पाणीच त्या आवळतं. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत अशा दाराचं रेखाटन आहे. टेम्स नदीवर अशी 45 लॉक आहेत. ऑक्सफर्डच्या हेन्री टाँट या छायाचित्रकाराने त्या नदीची मोजणी करून 1872 मध्ये फोटो लावलेला नकाशाच छापला. आपल्या उघाड्यांनाही असा एखादा टाँट हवा आहे.

त्याला कॅमेऱ्याआधी पंचांग लागेल. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे ओहोटी भर दुपारी. त्यात भांगाचे दिवस, पाणी फारसं उतरत नाही आणि ऊन डोक्यावर. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप खाली जातं, आणि ऊन तिरपं असल्याने दगडावरची प्रत्येक खाच सावलीने उठून दिसते. फोटोसाठी याहून चांगला मुहूर्त नाही.

टिपायचं काय? सगळ्यात आधी उंबरठा. त्याच्या दगडावर कालवांचा थर कुठपर्यंत चढलाय, फळ्यांच्या खाचा किती झिजल्यात, चुन्याच्या बांधकामावर सिमेंट कुठे थापलंय. शेजारी मोजपट्टी उभी हवी आणि तारीख, वेळ, तिथी लिहिलेली हवी. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर निम्म्याहून जास्त चढला, तर संगणक त्यातून मोजता येईल असं त्रिमितीय चित्र उभं करतो. एरवी नुसता देखणा फोटो उरतो. तसे काशीदच्या किनाऱ्यावर ढिगाने निघतात.

सिमेंटच्या त्या थरांमागे हक्कांचा इतिहास आहे. पूर्वी समुद्रबांध राखणाऱ्या शिलोत्रीदाराला पिकाचा वाटा मिळे. अलिबागच्या खारेपाटात शेतकरी मिळून बांध दुरुस्त करत, ती जोळ पद्धत. 1948 मध्ये खार जमिनींचा कायदा आला, 1979 मध्ये नवा, आणि दुरुस्तीचं काम सरकारी खात्याच्या दारात गेलं. जोळीत गेलेली माणसं गावात असतील तोवर प्रत्येक उघाडीचं नाव आणि ती कुणाची, हे विचारून घ्यावं.

उंबरठ्याच्या उंचीला आज वेगळीच किंमत आहे. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्रपातळीच्या नोंदी 1878 पासून आहेत आणि पातळी चढते आहे. बाहेरची पातळी चढली की प्रत्येक ओहोटीत झडप उघडी राहण्याचा वेळ कमी होतो, आणि भाताच्या मुळाशी पाणी जास्त वेळ तुंबतं. मात्र चिखलातला दगड स्वतःही खचतो. म्हणून उंची पक्क्या बेंचमार्कवरून मोजावी, मोबाइलच्या जीपीएसवर भरवसा ठेवू नये. पावसाळ्यातल्या उधाणाला, मुंबईच्या तक्त्यात 4.5 मीटरांच्या वरचा आकडा असेल त्या दिवशी, बांधावर मुळीच चढू नये. खेकड्यांनी आतून पोखरलेल्या बांधाला खांड नेमकी कुठे पडेल, हे वरून कळत नाही.