माग थांबल्यावरचा आवाज

पुलगावच्या आमच्या गल्लीत कोजागिरीला गच्चीवर गाणी होतात. दूध आटेपर्यंत लहानांची, मग मोठ्यांची. गेल्या वर्षी शेजारच्या काकाजींनी माइक हातात घेतला. त्यांची सारी नोकरी कापडगिरणीत, मागावर गेली. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नसे, म्हणून घरातही ते मोठ्यानंच बोलतात. गाताना मात्र त्यांचा आवाज पार खाली येतो. त्यांनी निवडलं ‘सुजाता’मधलं तलत महमूदचं गाणं. 1959 सालच्या या चित्रपटात सुनील दत्त ते टेलिफोनवर नूतनला ऐकवतो.

हळुवार गळ्याच्या गायकांची मोहिनी का ओसरत नाही, याचं उत्तर मला त्या टेलिफोनमध्ये दिसतं. असं गाणं हजारांनी ऐकलं, तरी ते एकालाच सांगितल्यासारखं असतं.

ही गायकी माइकनं घडवली. पूर्वी नाटकातल्या नटाचं पद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला हवं, म्हणून गळ्यात ताकद लागे. 1925च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि श्वासाचा आवाजही तबकडीत उतरू लागला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी आणि पुढे फ्रँक सिनात्रा त्याच वाटेनं मोठे झाले. आपल्याकडे कुंदनलाल सैगल यांनी सिनेमाचं गाणं बोलण्याच्या जवळ आणलं.

मराठीत हे वळण भावगीतानं घेतलं, आणि त्यात वऱ्हाडचा वाटा मोठा. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायली, आणि कविता घरोघरी गुणगुणली जाऊ लागली. मूर्तिजापूरच्या कवी अनिलांचे शब्द गजानन वाटवे यांनी गायले. पुण्याच्या गणेशोत्सवात वाटव्यांसाठी रस्ते भरून जात. ताना-पलट्यांची आतषबाजी तिथे नव्हती. शब्द स्वच्छ कळत, आणि लोकांना तेच हवं होतं.

तलतच्या आवाजात कंप होता. तो दोष समजून ते दडवू पाहत होते. संगीतकार अनिल विश्वास यांनी तो ओळखला आणि जपायला लावला. 1950च्या ‘आरजू’पासून तीच त्यांची ओळख झाली. ‘पुत्र व्हावा ऐसा’मध्ये हा लखनवी गळा मराठीही गायला. बंगालच्या हेमंत कुमारांनी शांता शेळके यांचा ‘डोलकर’ आपलासा केला. आणि इंदूरचे अरुण दाते तर शिक्षणानं वस्त्रोद्योगाचे अभियंते, म्हणजे कापूस पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्याला जवळचेच! मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल लाभलेल्या ‘शुक्रतारा’नं त्यांना घराघरात नेलं.

ही गाणी आमच्यापर्यंत आणली रेडिओनं. 1948मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं, 1957मध्ये विविध भारती आली. मिलची पाळी संपवून आलेला माणूस हातपाय धुऊन खाटेवर टेकायचा, आणि दिवसभर कानांवर आदळलेल्या गोंगाटानंतर कुणीतरी त्याच्याशी हळू बोलायचं. त्या बोलण्यात त्याला मान मिळत होता. आज गोंगाट मोबाइलमधून येतो, म्हणून कानात इअरफोन घातलेली नातवंडंही याच गाण्यांपाशी थांबतात. जुन्या आठवणींवर हे गाणं टिकलेलं नाही. हळू बोलणारं माणूस प्रत्येक पिढीला लागतं.

काकाजींचं कडवं अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. माइक बंद, मोबाइलवरची धून पुरवणारा स्पीकरही बंद. मला वाटलं, ते आता मिलमधला आवाज काढतील. त्यांनी तो काढला नाही; होता त्याच सुरात गात राहिले. मागच्या सतरंजीवरची मंडळी उठली आणि चांदण्यात, पावलं न वाजवता, त्यांच्याजवळ येऊन बसली.