संगणकावर उजळ, टीव्हीवर काळोख

जळगाव/धुळे - लग्नसराई ओसरू लागली की खान्देशातील एडिटिंगच्या खोल्यांमध्ये कामाला वेग येतो. हळद, वरात, लग्न आणि पाठवणी यांच्या तासन् तास चाललेल्या चित्रणातून नेटकी चित्रफीत तयार केली जाते. संगणकाच्या पडद्यावर ती स्वच्छ व उजळ दिसते. मात्र एक्स्पोर्ट केलेली तीच फाइल पेन ड्राइव्हमधून घरच्या टीव्हीवर लावली की चेहरे काळवंडलेले दिसतात, नवरदेवाच्या काळ्या कोटाच्या घड्या नाहीशा होतात आणि रात्रीच्या वरातीत माणसांऐवजी सावल्याच उरतात. चित्रण करणाऱ्याने पुरेसे दिवे लावले नाहीत, असा ग्राहकाचा समज होतो आणि उरलेल्या पैशांवरून वाद उभा राहतो. प्रत्यक्षात अशा अनेक प्रसंगी चित्रणात काहीच उणे नसते. लिहिलेले आकडे आणि वाचलेले आकडे यांत तफावत पडलेली असते.

हा प्रश्न लग्नांपुरता मर्यादित राहिलेला नाही. अहिराणी गाण्यांना यूट्यूबमुळे मोठा प्रेक्षकवर्ग लाभला असून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तरुण अल्प खर्चात गाणी चित्रित करीत आहेत. धुळ्याशेजारच्या मालेगावात तर ही परंपरा जुनी आहे. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट व्हिडिओ कॅमेऱ्यावर, स्थानिक कलावंतांना घेऊन तयार केला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८च्या माहितीपटाने तेथील धडपड जगापुढे नेली. टेपच्या त्या काळात प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक वेळी चित्र थोडे खराब होत असे. संगणकीय फाइलची प्रत मात्र हुबेहूब निघते. त्यामुळे फाइल काळी पडली की काय बिघडले, हेच उमगत नाही.

सोळा ते दोनशे पस्तीस

साध्या आठ बिटच्या चित्रफितीत उजेडाची प्रत्येक छटा ० ते २५५ या आकड्यांत नोंदली जाते. संगणकाच्या रीतीनुसार ० म्हणजे गडद काळा आणि २५५ म्हणजे शुभ्र पांढरा. दूरचित्रवाणीची रीत वेगळी आहे. १९८२ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरलेल्या बीटी ६०१ या मानकात काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ हे आकडे निश्चित झाले. पुढे हाय डेफिनिशनसाठी आलेल्या बीटी ७०९ या मानकातही तीच पद्धत कायम राहिली. पहिल्या रीतीला 'फुल रेंज', तर दुसरीला 'लिमिटेड' किंवा 'व्हिडिओ रेंज' म्हटले जाते.

फाइल फुल रेंजमध्ये लिहिली गेली आणि टीव्हीने ती व्हिडिओ रेंजची समजून वाचली, तर १६ आणि त्याखालची प्रत्येक छटा सरसकट काळी होते. ४० या आकड्याची छटा सुमारे २८वर घसरते. १२८ची मधली छटा मात्र १३०वर, म्हणजे जवळपास जागेवरच राहते. त्यामुळे उजेडातील भाग ठीक वाटतो आणि केस, डोळे, गडद साडी, रात्रीची पार्श्वभूमी हे सारे बुडते. उन्हातान्हात शेतात राबून रापलेल्या चेहऱ्यांना याचा फटका अधिक बसतो. त्यांचे बारकावे याच गडद छटांमध्ये असतात.

उलट गफलत झाली, म्हणजे व्हिडिओ रेंजची फाइल फुल रेंज म्हणून वाचली गेली, तर काळा रंग राखाडी होतो आणि चित्र फिके पडते. चित्र काळे पडले की फिके, एवढ्या निरीक्षणावरूनच गफलत कोणत्या दिशेची आहे, याचा अंदाज बांधता येतो.

गॅमा, एचडीआर आणि खोलीतला उजेड

दुसरे कारण गॅमाचे. आकड्याचे प्रत्यक्ष प्रकाशात रूपांतर कोणत्या वक्ररेषेने करायचे, हे गॅमा ठरवतो. संगणकाचे पडदे साधारण २.२ गॅमावर चालतात, तर अंधाऱ्या खोलीत टीव्ही पाहण्यासाठी २.४ हा गॅमा धरला जातो. फरक किरकोळ वाटला, तरी परिणाम लहान नाही. २.२ऐवजी २.४ लागू झाला की निम्म्या मूल्याच्या छटेचा प्रकाश सुमारे १३ टक्क्यांनी आणि पाव मूल्याच्या छटेचा सुमारे २४ टक्क्यांनी घटतो. म्हणजे येथेही भार गडद भागावरच पडतो.

तिसरे कारण मोबाइलमधून आले. आयफोन १२ मालिकेपासून, म्हणजे २०२० पासून, आयफोनमधूनही एचडीआर चित्रण होऊ लागले. त्यात उजेडाची नोंद निराळ्या नियमांनी होते. हे नियम बीटी २१०० या २०१६च्या मानकात दिलेले आहेत. असे तुकडे साध्या टाइमलाइनवर योग्य रूपांतराविना मिसळले किंवा एचडीआरची खूण असलेली फाइल जुन्या टीव्हीवर लावली, तर चित्र मळकट, फिके वा अति उजळ दिसू शकते.

चौथे कारण सर्वांत साधे असून तेच सर्वाधिक दुर्लक्षिले जाते. मॉनिटरचा ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर ठेवून, दिवे मालवलेल्या खोलीत काम केले की गडद चित्रही डोळ्यांना पुरेसे उजळ भासते. साध्या व्हिडिओच्या रंगकामासाठी संदर्भ म्हणून मॉनिटर सुमारे १०० निट्सवर ठेवण्याचा प्रघात आहे. अनेक मॉनिटर याच्या दुप्पट-तिप्पट प्रकाश देतात. तेच चित्र मे महिन्यातील जळगावच्या उन्हात, अंगणात उभे राहून मोबाइलवर पाहिले तर काळे वाटणारच.

दोष कोठे आहे, हे कसे ओळखावे?

सर्वप्रथम एक्स्पोर्ट केलेली फाइल त्याच प्रोजेक्टमध्ये पुन्हा आणून मूळ टाइमलाइनच्या वरच्या ट्रॅकवर ठेवावी. मग सॉफ्टवेअरमधील वेव्हफॉर्म स्कोपवर दोन्हींची तुलना करावी. डोळे फसतात, स्कोप आकडे दाखवतो. दोन्हींचे आलेख जुळले, तर चित्राचे आकडे शाबूत आहेत आणि दोष प्लेअर, टीव्ही, ग्राफिक्स कार्ड किंवा फाइलवरील खूण यांपैकी कशात तरी शोधावा लागतो. आलेख जुळले नाहीत, तर एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये गफलत आहे.

त्यानंतर तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये आणि दुसऱ्या उपकरणावर पाहावी. केवळ एकाच संगणकावर ती काळी दिसत असेल, तर ग्राफिक्स कार्डाचे सेटिंग तपासावे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये व्हिडिओच्या रंगांसाठी डायनॅमिक रेंज निवडण्याची सोय आहे. संगणकाच्या मॉनिटरसाठी तेथे ०-२५५ हा पर्याय असावा. टीव्हीच्या एचडीएमआय सेटिंगमध्येही बऱ्याचदा ब्लॅक लेव्हल किंवा रेंजचा पर्याय आढळतो.

दा विंची रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पानावरील प्रगत पर्यायांत 'डेटा लेव्हल्स' हा रकाना असतो. टीव्ही, यूट्यूब वा मोबाइलसाठीच्या नेहमीच्या फाइलला तेथे 'ऑटो' किंवा 'व्हिडिओ' ठेवावे, 'फुल' निवडू नये. प्रीमियर प्रोमध्ये डिस्प्ले कलर मॅनेजमेंट सुरू आहे का, हे पाहावे. टाइमलाइन आणि एक्स्पोर्ट या दोन्हींसाठी रेक. ७०९ हीच रंगव्यवस्था असल्याची खात्री करून घ्यावी.

मूळ प्रोजेक्ट उरलेला नसला, तरी सर्व काही संपत नाही. अनेकदा फाइलमधील आकडे शाबूत असतात, फक्त त्यांवरील 'फुल' किंवा 'लिमिटेड' ही खूण चुकलेली असते. एफएफएमपेग या मोफत साधनाने एच.२६४ फाइलवरील ही खूण चित्र पुन्हा कॉम्प्रेस न करता बदलता येते. मूळ फाइल बाजूला ठेवून हा प्रयोग तिच्या प्रतीवर करावा.

उजळ करण्याची घाई नको

काळी फाइल पाहून ब्राइटनेस वाढवायचा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करायचा, हा सोपा वाटणारा मार्ग घातक ठरतो. मूळ चित्र बरोबर असताना ते उजळ केले, तर पांढऱ्या फेट्याचे व हळदीच्या पिवळ्या रंगाचे तपशील वरच्या टोकाला जाऊन नष्ट होतात. योग्य टीव्हीवर तेच चित्र मग फटफटीत दिसते. एकदा शून्याला टेकलेली सावली उजळ केली, तर हाती केवळ राखाडी डाग लागतो, त्यातले चेहरे परत येत नाहीत.

फिल्मच्या काळातील छायाचित्रकारांना हे चांगले ठाऊक होते. चाळीसगावला आयुष्य वेचलेले थोर छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांचा काळ डार्करूमचा होता. तेव्हा छापील प्रत काळी आली, तर प्रकाश देण्याचा अवधी बदलून दुसरी प्रत काढली जाई. निगेटिव्हला कोणी हात लावत नसे. आजच्या व्यावसायिकाची निगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्यातील मूळ फायली आणि एडिटिंगचा प्रोजेक्ट. हार्ड डिस्कवर जागा हवी म्हणून ग्राहकाने पसंती देण्यापूर्वीच त्या पुसल्या, तर दुसरी प्रत काढण्याचा मार्ग बंद होतो.

म्हणूनच संपूर्ण चित्रफीत सोपविण्यापूर्वी अर्ध्या मिनिटाचा नमुना तयार करावा. त्यात सर्वांत अंधारे आणि सर्वांत उजळ दृश्य असावे. तो ग्राहकाच्याच टीव्हीवर लावून पाहावा. मोबाइलवर पाठवायचा झाल्यास व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. अन्यथा व्हॉट्सअॅप फाइल पुन्हा कॉम्प्रेस करते आणि अंधाऱ्या भागात चौकोनी ठिपके उमटतात. श्रावणात कानबाईच्या रात्रभर चालणाऱ्या जागरणाचे चित्रण असो वा घरातील आजीने नातवाला लावलेली हळद असो, हे प्रसंग पुन्हा चित्रित करता येत नाहीत. त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाच्या नमुन्याचा खटाटोप जड नाही.