दोन फुंकरांमधलं अंतर

वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी. एका टोकाला तोंडात धरायचं पुठ्ठ्याचं नळकांडं, पाठीवर ६० पासून ८०० पर्यंतचे आकडे आणि त्या आकड्यांच्या कडेने सरकणारा छोटासा काटा. ताठ उभं राहायचं, काटा शून्याकडे ओढायचा, छाती गच्च भरून घ्यायची, ओठ नळकांड्याभोवती घट्ट आवळायचे आणि एकच जोरकस फुंकर मारायची. काटा सर्रकन पुढे जातो आणि जिथे थांबतो तो आपला आकडा. असं तीनदा करायचं, त्यातला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. याला पीक फ्लो मीटर म्हणतात. बेसिल मार्टिन राइट या इंग्रज संशोधकाने १९५९ साली हे मोजमाप वैद्यकीय जगापुढे मांडलं, तेव्हा यंत्र जड आणि तबकडीचं होतं. पुढे १९७०च्या दशकात त्याचं आजचं खिशात मावणारं रूप आलं.

त्याच दशकात, २३ डिसेंबर १९७३ रोजी, बाबा आमटे यांनी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. सुरुवातीची कितीतरी वर्षं वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता. जवळ होते ते हात, कान आणि स्टेथोस्कोप. माडिया आदिवासी माणसं मैलोन् मैल चालत यायची, काही बैलगाडीत, काही खाटेची डोली करून. मलेरिया, भाजलेले, अस्वलाने फाडलेले. हेमलकशाविषयी जे लिहिलं-बोललं गेलं त्यात हे रुग्ण ठसठशीत दिसतात. धाप लागलेला माणूस त्या गर्दीत उठून दिसत नाही. त्याच्या अंगावर जखम नसते, तापही नसतो, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बऱ्याचदा धापही उरलेली नसते.

दम्याच्या निदानातली खरी अडचण हीच आहे. दम्यात श्वासनळ्यांचं अस्तर सुजतं, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि वाट अरुंद होते. पण ही अरुंद वाट कायमची नसते. ती आवळते, सुटते, पुन्हा आवळते. सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. पहाटे तीनला उठून बसलेला, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढणारा माणूस सकाळी निघतो, ओढे-नाले ओलांडतो आणि दुपारी डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा त्याची छाती स्वच्छ वाजते. स्टेथोस्कोपला काही सापडत नाही. म्हणून दम्याचं निदान एका क्षणाच्या तपासणीवर टेकत नाही. छाती आत्ता किती मोकळी आहे याच्याइतकंच ती किती बदलते हे मोजावं लागतं. दम्याच्या बहुतेक चाचण्यांच्या मुळाशी ही एकच कल्पना आहे: दोनदा मोजा आणि फरक पाहा.

श्वास मोजण्याचं सगळ्यात साधं रूप गडचिरोलीतच सापडतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था या जिल्ह्यात सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजलं की न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० आणि त्यापुढे वर्षाच्या आतल्या बाळाला ५० ही हद्द. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं, बारापर्यंत यायचं. मग त्यांच्यासाठी एक श्वासमापक तयार झाला: मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू कमी होतात, हे या कामाने दाखवलं आणि १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. जगातल्या बालआरोग्याच्या धोरणावर त्याचा परिणाम झाला. मला विचाराल तर महाराष्ट्रात घडलेल्या वैद्यकीय उपकरणांत त्या मण्यांच्या पाटीचा मान फार वरचा आहे.

पण भरभर श्वास दमेकरी मुलाचाही चालतो. मणी मोजून दोन्ही मुलं सारखीच दिसतात. मग छातीला कान लावायचा. श्वास सोडताना सूं सूं असा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल स्पेसर नावाच्या पोकळ नळकांड्यातून द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि श्वास पुन्हा मोजायचा. असं तीन वेळा करता येतं. आकडा उतरला, बाळ शांत झालं, तर अँटिबायोटिकची घाई टळते. हा जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेला रिवाज आहे. एकदा असं झालं म्हणून मुलाला दमा आहे असं मात्र कुणी म्हणू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना साध्या सर्दीच्या विषाणूनेही घरघर लागते. तिथे निदान चाचणीने कमी आणि इतिहासाने जास्त होतं: घरघर पुन्हा पुन्हा लागते का, सर्दी नसतानाही लागते का, खेळताना-हसताना खोकला येतो का, आई-वडिलांना दमा आहे का, अंगावर इसब आहे का.

मोठ्यांसाठी कसोटीची चाचणी स्पायरोमेट्री. १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने पाण्यात उलटं तरंगणारं पिंप वापरून माणसाच्या फुप्फुसात किती हवा मावते ते मोजलं, दोन हजारांवर माणसांवर. आजचं यंत्र तळहाताएवढं आहे, पण माणसाने करायचं काम तेच: छाती भरा आणि जोरात, न थांबता, शेवटपर्यंत फुंका. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, याचं प्रमाण काढतात. निरोगी माणूस साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. नळ्या आवळल्या असतील तर हे प्रमाण घसरतं. मग साल्ब्युटामॉल द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर आवळलेली वाट औषधाने सुटते आहे हे आकड्यांत सिद्ध झालं. दाईच्या मण्यांचा आणि या यंत्राचा हिशोब इथे एक होतो.

स्पायरोमेट्रीचं एक वेगळेपण मला फार महत्त्वाचं वाटतं. रक्त रुग्ण गप्प असतानाही काढता येतं, एक्स-रे कुणाचाही निघतो. इथे मात्र आकडा रुग्णाच्या मेहनतीतून येतो आणि ती मेहनत भाषेतून मिळवावी लागते. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ‘फुंका, फुंका, आणखी, आणखी, सोडू नका’ असा धोशा लावतो तेव्हा कुठे सहा सेकंदांची फुंकर पुरी होते. भामरागडच्या माडिया आजीला हे मराठीत सांगून काय उपयोग? ती घाबरून अर्धवट फुंकेल आणि यंत्र तिच्या नावावर भलताच आजार छापेल. आमट्यांनी हेमलकशात आधी माडिया भाषा शिकून घेतली, त्याचं मोल या एका चाचणीतही कळतं. छातीचं यंत्र जंगलात नेताना माडिया बोलणारा तंत्रज्ञ सोबत न्यायलाच हवा.

आता जंगलातली दुसरी गुंतागुंत. इथे धाप लागणारा प्रत्येक जण दमेकरी नसतो. पहिली शंका क्षयाची: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. दुसरी शंका चुलीच्या धुराची. बंद झोपडीत वर्षानुवर्षं लाकडं जाळणाऱ्या, थंडीत शेकोटीच्या कडेला झोपणाऱ्या बायका-पुरुषांची फुप्फुसं बिडी न ओढताही खराब होतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हाच विषय मांडला: कधीच धूम्रपान न केलेल्यांचा सीओपीडी. त्यात नळ्यांची वाट कायमची अरुंद होते. औषधाआधीची आणि नंतरची फुंकर जवळपास सारखीच येते, आणि दम्यापासून तो वेगळा काढायचा पुरावा बऱ्याचदा हाच असतो. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात तो धूर वेगळा, आणि चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी नि औष्णिक वीज केंद्राची धूळ वेगळी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत चंद्रपूर चौथं होतं.

तिसरी शंका शहरातल्या डॉक्टरला सहसा सुचत नाही: हत्तीरोग. चंद्रपूर-गडचिरोलीत हा रोग जुना आहे. त्याच्या सूक्ष्म जंतांविरुद्ध काही जणांचं शरीर इतकं खवळतं की फुप्फुसं सुजतात. रात्री कोरडी ढास, घरघर, धाप, सगळं हुबेहूब दम्यासारखं. नुसत्या पंपाने तो माणूस बरा होत नाही. ओळखायची खूण रक्तात असते: इओसिनोफिल नावाच्या पेशी, ज्या एरवी शेकड्यांत मोजतात, त्या तीन हजारांच्या वर जातात. त्यासाठी महागडं काही लागत नाही. मलेरियासाठी जिल्ह्यात जागोजागी सूक्ष्मदर्शक आहेतच, त्याच्याच खाली ही काचपट्टी वाचता येते. निदान पक्कं झालं तर डायइथाइलकार्बामॅझिनच्या तीन आठवड्यांच्या गोळ्या, आणि वर्षभर दमेकरी म्हणून जगलेला माणूस खडखडीत बरा होऊ शकतो.

इतकं सगळं पाहिल्यावर मी त्या प्लास्टिकच्या नळीकडे परत येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो. स्पायरोमीटर असलेल्या गावी जायची वाटच बंद होते. नळी मात्र रुग्णासोबत घरी जाते. सकाळी उठल्यावर तीन फुंकरा, संध्याकाळी तीन, दोन आठवडे, नळी एकच, बदलायची नाही. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत रोजचा फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त पडत असेल, मुलांत १३ टक्क्यांहून, तर दम्याची बाजू भक्कम होते. पहाटे तीनची ती धाप, जी दुपारी दवाखान्यात हाती लागत नव्हती, ती वहीत उमटते. लिहिता न येणाऱ्याला नळीवर हिरवी, पिवळी, लाल पट्टी चिकटवून देता येते. काटा कुठल्या रंगावर थांबला एवढं सांगितलं तरी डॉक्टरला अंदाज येतो. मण्यांची पाटी हाताळलेल्या जिल्ह्याला रंगांचा हिशोब नवा नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. लोकबिरादरीची आश्रमशाळा १९७६ पासून चालते, आणि अशा निवासी शाळा या भागात बऱ्याच आहेत. मूल रात्रंदिवस शिक्षकांच्या नजरेसमोर असतं. खेळताना मागे पडणारं, धावून आलं की खोकणारं मूल शिक्षकाला डॉक्टरच्या आधी दिसतं. डॉक्टर आणि पंप हजर असताना त्या मुलाला सहा मिनिटं पळवायचं आणि आधीची नि नंतरची फुंकर मोजायची. आकडा १५ टक्क्यांहून जास्त घसरला तर संशयाला आधार मिळाला. मैदान आणि नळी, एवढ्यावर होणारी ही चाचणी आहे.

निदान झाल्यावरही दमा हा शब्द कुणाला नको असतो. माझ्या लहानपणी माझ्या कागदांवर ‘अ‍ॅलर्जीचा खोकला’ असं लिहिलं जायचं, कारण दमा म्हटलं की घरचे खचतील. सहा वर्षं मी खोकल्याच्या बाटल्या प्यायलो. कुणीही फुंकायला सांगितलं नाही. ज्या दिवशी एका डॉक्टरांनी नळी हातात दिली त्या दिवशी औषधाआधी काटा २१० वर थांबला आणि वीस मिनिटांनी २९० वर. वडिलांनी ते दोन आकडे पाहिले आणि पंपाविषयीची त्यांची धास्ती तिथेच संपली. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ हे वाक्य आजही घरोघरी ऐकू येतं. पंपातून औषध मायक्रोग्रॅममध्ये थेट नळ्यांत जातं, गोळीतून त्याच्या कितीतरी पट सगळ्या शरीरात. आणि रोज सूज उतरवणारं औषध टाळून फक्त साल्ब्युटामॉलच्या निळ्या पंपावर दिवस काढणं धोक्याचं आहे, हे २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही स्पष्टपणे सांगतात.

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा, कोरची. या तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक आश्रमशाळेत एक पीक फ्लो मीटर, एक स्पेसर आणि साल्ब्युटामॉलचा एक पंप असायलाच हवा. तिन्हींची किंमत मिळून चांगल्या बुटांच्या जोडापलीकडे जात नाही. आणि वाचकहो, घरात कुणी पहाटे खोकत उठत असेल, पायऱ्या चढताना थांबत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे खोकल्याची बाटली मागू नका. औषधाआधी एकदा आणि औषधानंतर एकदा फुंकर मोजून द्या, असं सांगा.