सवाल एक, जवाब चार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाच्याने परवा संगणकावर एक खेळ दाखवला. पडद्यावरचा म्हातारा नावाडी काही विचारतो आणि खाली चार उत्तरे उमटतात. आपण एक निवडायचे. त्याप्रमाणे म्हातारा रागावतो, हसतो किंवा गप्प होतो. ‘मामू, ही सगळी वाक्यं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात,’ भाचा म्हणाला. माझे कान टवकारले.

मला कलगी-तुऱ्याचे फड आठवले. तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. परंपरा तुऱ्याचा मूळपुरुष तुकनगीर गोसावी सांगते, कलगीचा शाहअली फकीर. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने उलगडायचा. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या खेळातली तलवारबाजी अशीच आहे. टोमण्याला नेमके प्रत्युत्तर निवडले की डाव जिंकला. शाहिराला मात्र समोर आलेलाच सवाल सोडवायचा असतो. खेळ लिहिणाऱ्याला कदाचित कुणीच निवडणार नाही अशा उत्तरांचेही पुढचे बोलणे लिहावे लागते.

हिशेब करून पाहा. प्रत्येक वळणावर तीन उत्तरे आणि अशी पाच वळणे धरली, तर शेवटी २४३ वाटा होतात. दहा वळणांवर ५९,०४९! एवढे लिहिणार कोण? म्हणून लेखक फांद्या पुन्हा जोडून घेतात. उन्हाळ्यात गंगाखेडला गोदावरीची धार वाळूच्या बेटाभोवती फुटते आणि पुढे एक होते, तसेच. मात्र आपण कुठल्या धारेने आलो, याची नोंद खेळ ठेवतो. सुरुवातीला उद्धट बोललात, तर तासाभराने नावाडी होडी देत नाही. एवढी काटकसर करूनही २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’ या खेळात दहा लाखांहून अधिक शब्द आहेत. त्याचा प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्विट्झ हा एस्टोनियातला कादंबरीकार.

मराठीत आणखी एक पेच. इंग्रजीत ‘आय वेन्ट’ बाईलाही चालते, पुरुषालाही. आपल्याकडे ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? खेळणाऱ्याने बाईचे पात्र घेतले की कितीतरी वाक्ये दुसऱ्यांदा लिहा. पण ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालते आणि ‘मी जाईन’ला लिंगच नाही. म्हणजे आदर दाखवावा, नाहीतर भविष्यकाळात बोलावे, कष्ट वाचतात!

भाच्याच्या आग्रहाने मीही एक संवाद लिहायला घेतला. जागा परभणीचा उरूस. चहावाला विचारतो, ‘चाचा, तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?’ हा प्रश्न मी कविसंमेलनांतून तीस वर्षे ऐकतो आहे. पहिले उत्तर, ‘शाळेत शिकलो.’ त्याचे समाधान होते, बोलणे संपते. दुसरे, ‘तुम्ही कुठं शिकलात?’ तो दुखावतो. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. तिसरे, नुसते हसणे. पुढच्या खेपेला तो पुन्हा तेच विचारतो. खऱ्या आयुष्यात मी बहुधा हसतच आलो.

चौथ्याला दोन दिवस लागले. ‘घरात दखनी, गल्लीत मराठी. माझी आई दळताना दोन्हींत गायची. तुमच्याकडं जात्यावर कोण बसायचं?’ चहावाला किटली खाली ठेवतो आणि आपल्या आजीबद्दल सांगू लागतो. भाचा म्हणतो, ही फांदी आता मूळ धारेला जोडा, फार लांबली. तिच्यावर बत्तीस वाक्ये झाली आहेत आणि आजी अजून जिंतूरलाच आहे.